जुन्या येझदीचा पिस्टन आणि तुमचा नफा

व्हिडिओत येझदीचं इंजिन खोलून दाखवलं, पण पार्ट कसा शोधायचा हे घाईत राहून गेलं. जुन्या गाड्या उभ्या करायचा धंदा करणार असाल, तर हे आधी वाचा. यात सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या पार्टात बुडतो.

माझाही बुडालाय. पहिल्याच कामात एका विक्रेत्यानं “ओरिजिनल आहे, डोळे झाकून टाका” म्हणून पिस्टन दिला. बोअरला माप जुळलं, मी बसवला. पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनवर छोट्या पिना असतात. रिंगचं तोंड सिलेंडरच्या पोर्टसमोर येऊ नये म्हणून त्या ठरावीक जागीच असाव्या लागतात. त्या पिस्टनच्या पिना दुसऱ्या मॉडेलच्या होत्या. रिंग पोर्टमध्ये अडकून तुटली, बोअर खरवडला. पिस्टन, बोअर, मजुरी, सगळं माझ्या खिशातून गेलं.

म्हणून आता हा क्रम पाळतो.

१. आधी मॉडेल पक्कं करा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं 1961 ते 1996 गाड्या बनवल्या. आधी नाव जावा, 1973 पासून येझदी. दोन्ही 250 गाड्यांचा बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75 मिमी. त्यामुळं “सगळं सारखंच” असं वाटतं आणि तिथंच फसायला होतं. आरसी, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळवून बघा. आणखी एक, 2018 मध्ये परत आलेली जावा फोर-स्ट्रोक आहे. नुसतं “जावाचा पिस्टन” म्हणून मागवू नका.

२. पार्ट नंबरनं मागा. त्या मॉडेलचं जुनं पार्ट्स कॅटलॉग मिळवा. जुना पार्ट फेकू नका, नव्याशेजारी ठेवून फोटो मागवा: पिना, पोर्टचे काप, गजन पिनचं माप.

३. पिस्टन आधी, बोअर नंतर. पिस्टन हातात आल्याशिवाय उद्यमनगरात सिलेंडर देऊ नका. लेथवाला पिस्टन मोजून, त्याला गॅप ठेवूनच बोअर मारतो.

४. कुठं शोधायचं? पुण्याची नाना पेठ, बेंगळुरूचा जे. सी. रोड. शिवाय गावोगावच्या जुन्या स्पेअर पार्टवाल्यांचा माळा. तिथं डबाबंद माल अजून निघतो.

५. जुनं ते सगळं सोनं नसतं. ऑइल सील पडून पडून कडक होतं, ते नवंच घ्या. बेअरिंग त्यावरच्या नंबरानं चांगल्या कंपनीचं नवं घ्या. ‘ओरिजिनल’चा हट्ट पिस्टन, क्रँक, गिअर, कार्बोरेटर यांच्यासाठी ठेवा.

ग्राहकाचा प्रश्नही समजून घ्या. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली, मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. तुम्ही भलतंच इंजिन बसवलंत, तर त्याची ती संधी जाते.

शेवटी हिशेब. पार्ट आणि मजुरी वेगळी लिहा. पार्टचे पैसे आगाऊ घ्या. कुठला पार्ट मूळ, कुठला लेथवर बनवलेला, हे बिलावर स्पष्ट लिहा आणि जुने पार्ट पिशवीत घालून परत द्या. खरं सांगणाऱ्या दुकानात माणूस दुसरी गाडी घेऊन येतोच. आपल्या कोल्हापुरात तर मित्रालाही घेऊन येतो!