धक्क्यावर थांबलेले आईबाप

आम्ही घोडबंदर रोडवर राहतो. परवा रविवारी असरची नमाज आटोपून मुलांना घोडबंदरच्या किल्ल्यावर नेले. किल्ला पोर्तुगीजांचा, 1737 मध्ये तो मराठ्यांनी घेतला. "मग पोर्तुगीज गेले कुठे?" धाकट्याने विचारले. गोव्यात ते 1961 पर्यंत होते, असे सांगताना त्यांच्या शेवटच्या शिपायांची हकिकत आठवली.

पोर्तुगालमध्ये तेव्हा लष्करी सेवा सक्तीची होती. नुकतीच मिसरूड फुटलेली पोरे समुद्रापार गोव्यात धाडली जात. गोवेकरांना तुरुंगात डांबणाऱ्या त्या राजवटीचे आम्हाला दुःख नाही. पण त्या पोरांना कोणी विचारले होते?

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरली. त्याआधीच हुकूमशहा सालाझारचा हुकूम आला होता: जिंका नाहीतर मरा, शरण जाऊ नका. तो स्वतः लिस्बनमध्ये सुरक्षित! आपले 22 जवान शहीद झाले. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी हुकूम मोडून 19 डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारो पोरांचे प्राण वाचले.

तीन हजारांहून अधिक जण कैदेत गेले. त्यांना परत नेण्यातही सालाझार सरकारने चालढकल केली; मे 1962 उजाडला. बोटी मायदेशी लागल्या तेव्हा आईबाप धक्क्यावर होते. पण पोरांना गुन्हेगारांसारखे लष्करी पोलिसांच्या हत्यारबंद पहाऱ्यात नेले, लगेच भेटूही दिले नाही.

सिल्वांना सैन्यातून काढून टाकले. 1974 मध्ये ती राजवट कोसळल्यावरच त्यांचा हुद्दा परत मिळाला.

आमचा थोरला पुढच्या वर्षी अठराचा होईल. किल्ला उतरताना तो गप्पच होता.