गप्पांचा ताळेबंद

तळोजा एमआयडीसीतला एखादा मध्यम कारखानदार माईकसमोर दीड तास बोलला, तर ते ऐकणार कोण? सांडपाण्याच्या प्रक्रियेवर होणारा खर्च, पावसाळ्यात उखडणारे रस्ते, परदेशी गिऱ्हाइकाने मागितलेली कागदपत्रं, रात्रपाळीला न मिळणारे फिटर. यातलं काहीही व्हायरल होण्यासारखं नाही. फार तर पाचशे माणसं शेवटपर्यंत टिकतील. मात्र त्या पाचशेंत कच्चा माल खरेदी करणारे अधिकारी असतील, पंप आणि व्हॉल्व्ह विकणारे असतील, बँकेत उद्योगांची कर्जं पाहणारे असतील आणि शेजारच्या प्लॉटचे मालकही असतील. मुलाखतींच्या पॉडकास्टमधून पैसा कसा उभा राहतो हे समजून घ्यायला लाखो व्ह्यूजपेक्षा हे पाचशे जण जास्त उपयोगी आहेत.

मराठी माणसाला मुलाखतीचं वेड जुनंच. सुधीर गाडगीळांनी तर प्रकट मुलाखतीला पेशाचं रूप दिलं. ‘माझा कट्टा’ने तीच आवड टीव्हीवर नेली. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात बीएमसीसीच्या मैदानावर राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली, तेव्हा दोन माणसांच्या बैठ्या गप्पा ऐकायला मैदान भरलं होतं. आता तीच जागा यूट्यूबने घेतली आहे. सुलेखा तळवलकर यांचं ‘दिल के करीब’, सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’, विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’, सुयोग आणि प्राची रिसबूड यांचं ‘व्हायफळ’, ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’ ही नावं आता घराघरांत ठाऊक आहेत. जेवताना, भांडी घासताना, लोकलमध्ये लटकताना लोक तास-दोन तास हे ऐकतात. मागणी आहे याबद्दल शंका नको. प्रश्न गल्ल्याचा आहे.

यूट्यूबवर जाहिरातींचा पूर्ण वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. ती ओलांडली की लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के हिस्सा चॅनेलचा. ऐकायला छान वाटतं. आता आकडेमोड करू. समजा हजार व्ह्यूजमागे साठ रुपये हातात पडले आणि एका भागाला ५०,००० व्ह्यूज आले, तर त्या भागाचे झाले तीन हजार रुपये. एवढ्यात तीन कॅमेऱ्यांचं शूट, स्टुडिओचं भाडं, एडिटरचे दोन-तीन दिवस, पाहुण्याची गाडी आणि पुस्तकं वाचून प्रश्न काढणाऱ्या माणसाचा पगार बसवायचा आहे. बसत नाही. इंग्रजीतल्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार जो दर देतो तो मराठी प्रेक्षकासाठी सहसा देत नाही, त्यामुळे ही ओढाताण मराठीत जरा जास्तच.

रील्सनी गर्दी येते, पैसा नाही. शॉर्ट्सच्या उत्पन्नातला चॅनेलचा वाटा ४५ टक्के, आणि मुळात रक्कमच लहान.

म्हणून ज्यांचा जम बसला त्यांची कमाई कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच शोधावी लागते. मराठीतलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनेलचं. २०१६ साली अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी ‘कास्टिंग काउच’ सुरू केलं. नावाला मुलाखत, प्रत्यक्षात मुलाखतीचीच थट्टा. नट्या समोर बसायच्या आणि हे दोघे स्वतःची फजिती करून घ्यायचे. त्यामागे सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांची ‘गुलबदन टॉकीज’ ही निर्मिती संस्था होती. या मंडळींनी एका कार्यक्रमावर विसंबून न राहता विनोदी व्हिडिओ काढले, ‘विषय खोल’सारखं वेगळ्या बाजाचं चॅनेल काढलं, ब्रँडसाठी व्हिडिओ केले, तिकीट लावून स्टँडअपचे प्रयोग केले. २०२२ मध्ये सोनीलिव्हवर आलेली ‘शांतीत क्रांती’ सारंग आणि पॉला यांनीच दिग्दर्शित केली. चॅनेलवर जमलेला प्रेक्षक तिकीटही काढतो आणि ओटीटीवाल्यांना ओळखही पटवतो.

याच्या उलट टोकाला मुंबईचा रणवीर अलाहबादिया. २०१९ पासून चाललेला ‘द रणवीर शो’, विराज शेठबरोबर उभी केलेली मंक एंटरटेनमेंट ही क्रिएटर सांभाळणारी कंपनी, शिवाय ध्यानधारणेचं ॲप. पसारा मोठा, पण बराचसा एका चेहऱ्याभोवती. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्याच्याच कार्यक्रमात केलेल्या एका अश्लील वक्तव्याने वादळ उठलं. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारीला अटकेपासून संरक्षण दिलं, पण कार्यक्रम प्रसारित करायला मनाई केली. ती मनाई ३ मार्चला अटींवर उठली. मधले दोन आठवडे नवा भाग नाही. ज्या धंद्याचा कच्चा माल, यंत्र आणि ट्रेडमार्क हे तिन्ही एकच तोंड असतं, त्याच्या विम्याचा हप्ता कोण ठरवणार?

अनेक आवाज एका छताखाली आणले की जोखीम वाटली जाते. अमित दोशी यांनी २०१५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आयव्हीएम पॉडकास्ट्सने हेच केलं. सायरस ब्रोचाच्या टवाळीपासून पैशांच्या नियोजनापर्यंत कार्यक्रमांची फळी उभारली आणि २०२० मध्ये प्रतिलिपीने ती कंपनी विकत घेतली. फळी विकता येते. एका माणसाच्या गप्पांना खरेदीदार मिळणं कठीण.

तिसरी वाट अमित वर्मांची. ‘द सीन अँड द अनसीन’ हा त्यांचा पॉडकास्ट २०१७ पासून चालू आहे. एकेक मुलाखत कित्येक तासांची, झगमगाट शून्य. ते लेखनाचा ऑनलाइन वर्ग घेतात, त्याची फी असते, आणि श्रोतेच विद्यार्थी होतात. अमेरिकेतल्या ‘ॲक्वायर्ड’चं गणितही याच जातीचं. तो मुख्यतः कंपन्यांच्या इतिहासाचा पॉडकास्ट, भाग मोजके, पण ऐकणारे उद्योजक आणि गुंतवणूकदार. सप्टेंबर २०२४ मध्ये कार्यक्रमवाल्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमध्ये मार्क झुकरबर्गला मंचावर आणलं, तेव्हा मुख्य प्रायोजक जे. पी. मॉर्गन होता. बँकेला हवे असलेले लोक एकाच जागी बसले होते.

आता पुन्हा तळोजा. दीपक फर्टिलायझर्स, हिंदाल्को, गॅलेक्सी सरफॅक्टंट्स यांचे प्रकल्प इथे आहेत, आणि त्यांच्या भोवती शेकडो लहान-मोठे कारखाने. अशा ठिकाणी उद्योगाच्या मुलाखतींचा मराठी पॉडकास्ट काढणाऱ्याने एकेका भागासाठी प्रायोजक शोधत हिंडू नये. बारा भागांचा एक हंगाम ठरवून तो एकाच बँकेला किंवा यंत्रसामग्रीच्या विक्रेत्याला विकावा. विकताना व्ह्यूजचा आकडा पुढे न करता ऐकणाऱ्यांचे हुद्दे सांगावेत. तेच कॅमेरे आणि तोच एडिटर आठवड्याचे उरलेले दिवस कारखान्यांसाठी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ करू शकतात. या कामाची कुणी रील बनवत नाही, पण बिल वेळेवर निघतं. वर्षातून एकदा सभागृहात तिकीट लावून मुलाखत ठेवली, तर पाचशेंतले दोनशे तरी समोर येतील. श्रोत्यांचे ईमेल आणि फोन नंबर मात्र स्वतःकडे हवेत. २०२४ मध्ये गुगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं, तेव्हा त्यावरच्या श्रोत्यांना दुसरीकडे हलवण्याची धावपळ कार्यक्रमवाल्यांच्या वाट्याला आली.

एक सोपी वाट मोहात पाडते: पाहुण्याकडूनच पैसे घेणे. ‘पेड पॉडकास्ट’ हा शब्द आता बिल्डर आणि डॉक्टर मंडळींनाही पाठ आहे. पैसे घेतले आणि सांगितलं नाही तर कायदा आड येतो. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ चे, ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना जानेवारी २०२३ च्या. आर्थिक संबंध ठळकपणे सांगावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी आली आणि प्रायोजकाच्या बिलावर १८ टक्के. ‘भेट’ म्हणून मिळालेला महागडा माईकही सुटत नाही: वर्षात अशा लाभांची किंमत २०,००० रुपयांवर गेली, तर १ जुलै २०२२ पासून देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा आहे.

तळोज्यात तर पेच आणखी गुंतागुंतीचा. ऑगस्ट २०१७ मध्ये इथले भटके कुत्रे निळे दिसू लागले आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. रंगाचं पाणी कासाडी नदीत सोडल्याच्या तक्रारीवरून प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. कासाडीचा वाद पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पॉडकास्टचे प्रायोजक आणि पाहुणे दोघेही याच वसाहतीतले असतील, तर नदीचा प्रश्न विचारायचा कधी? प्रश्न आधी दाखवणार नाही आणि तयार भाग कापणार नाही, ही दोन वाक्यं प्रायोजकाच्या करारात असली तर थोडी मोकळीक राहते. एकाच कंपनीकडून वर्षाच्या निम्म्याहून अधिक उत्पन्न न घेण्याचा दंडकही मदत करतो. एवढं करून कासाडीच्या खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला माईकसमोर बसवलंच, तर त्या भागाला प्रायोजक मिळणं अवघड. पण वसाहतीतल्या केबिनमध्ये, दार लावून, सगळ्यांत जास्त ऐकला जाईल तो बहुधा तोच.