एकसारखी झाडे, वेगवेगळे सूत्रकृमी

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, एकीकडे वर्धा नदी आणि दुसरीकडे मध्य प्रदेशाची सीमा असलेल्या नरखेड तालुक्यातील संत्र्याची बाग आनुवंशिक दृष्टीने तपासली, तर जमिनीच्या वर ती विलक्षण एकजिनसी आढळते. नागपुरी संत्र्याचे कलम डोळा भरून केले जाते, म्हणजे निवडक मातृवृक्षाचा एक डोळा जंभेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर बसवला जातो, आणि त्यातून वाढलेले झाड आनुवंशिक रचनेत मातृवृक्षाची नक्कल असते. खुंटाचीही गोष्ट फारशी निराळी नाही. जंभेरीच्या एका बीतून एकापेक्षा अधिक अंकुर फुटतात आणि त्यांतील बहुतेक अंकुर परागसिंचनातून नव्हे, तर मातृवृक्षाच्या स्वतःच्या पेशींतून तयार झालेले असतात, त्यामुळे बी पेरूनही मिळणारी रोपे बहुशः एकाच वंशाची असतात. अशा बागेतील खऱ्या आनुवंशिक विविधतेचा मोठा भाग झाडांमध्ये नसून त्यांच्या मुळांभोवतीच्या मातीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्राण्यांमध्ये असतो.

या प्राण्यांत संख्येने सर्वांत मोठा गट सूत्रकृमींचा आहे. सूत्रकृमी म्हणजे धाग्यासारखे, खंड नसलेले, बहुतेक एक मिलिमीटरपेक्षाही लहान कृमी. त्यांतील काही जिवाणू खातात, काही बुरशी, काही एकमेकांना आणि काही वनस्पतींच्या मुळांतील रस. जगभरातील मातीच्या वरच्या थरात सुमारे ४४ वर १९ शून्ये इतके सूत्रकृमी असावेत, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वाधिक वाटा उष्ण कटिबंधाचा नसून उत्तरेकडील थंड अरण्यांचा आणि टुंड्रा प्रदेशाचा निघाला, ही गोष्ट उष्ण प्रदेशालाच जीवसंपन्न मानणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारी होती. कुजण्याची क्रिया थंडीमुळे मंदावते, सेंद्रिय पदार्थ साठून राहतात आणि सूत्रकृमींना अन्न मिळत राहते, असे त्याचे कारण दिले जाते.

थंडीची परिसीमा असलेल्या अंटार्क्टिकात चित्र पुन्हा बदलते. तेथील बर्फमुक्त कोरड्या दऱ्यांत झाड नाही, गवत नाही आणि अनेक ठिकाणी अन्नसाखळीच्या टोकाला सूत्रकृमीच असतात. स्कॉटनेमा लिंडसे ही तेथील खारट, कोरड्या मातीत सर्वाधिक आढळणारी जाती. प्रयोगशाळेत १० अंश सेल्सिअस तापमानाला तिच्या एका पिढीला सुमारे ७ महिने लागतात. दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा एवढा लांब नसल्याने निसर्गात एक पिढी पुरी होण्यास एकापेक्षा अधिक वर्षे जातात, आणि मधला काळ हा प्राणी शरीरातील पाणी जवळजवळ पूर्ण गमावून निपचित पडून काढतो.

अशा प्राण्यांच्या जनुकांना महत्त्व येते ते त्यांच्या अचलतेमुळे. तेथील दोन मिलिमीटरांहून लहान, पंखहीन स्प्रिंगटेल हे कीटकांचे जवळचे नातलग हिमनदी ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे एका दरीतील समूह शेजारच्या दरीतील समूहापासून लाखो वर्षे तुटलेला राहतो. पेशीतील ऊर्जाकेंद्रात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, असलेल्या एका ठरावीक जनुकाच्या साडेसहाशे अक्षरांची तुलना केली, तर दोन समूहांतील फरक किती आहे ते मोजता येते. असे फरक साधारण ठरावीक वेगाने साठत जातात असे धरले, तर समूह कधी वेगळे झाले याचाही हिशेब मांडता येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिकातील स्प्रिंगटेलांवर हेच करण्यात आले, आणि त्यांच्या वंशशाखा फुटण्याचे काळ पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर पूर्वी कोसळण्याच्या काळांशी जुळले. बर्फ वितळून समुद्राला वाट मोकळी झाली तेव्हा हे जीव पाण्यावरून पसरले आणि बर्फ परतल्यावर पुन्हा अडकून पडले. भूगर्भशास्त्रज्ञांना दगडांतून जे वाचावे लागते, ते येथे एका क्षुद्र प्राण्याच्या जनुकांत लिहिलेले सापडले.

अंटार्क्टिकाच्या या सूक्ष्म प्राणिजगताकडे गोव्यातील संशोधकांचे लक्ष लवकर गेले होते. भारताची पहिली मोहीम १९८१-८२ मध्ये गेली, आणि पुढील काही वर्षांतच गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील बबन इंगोले आणि ए. एच. परुळेकर यांनी शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त पट्ट्यातील शेवाळे आणि तळी तपासून सूत्रकृमी, रोटिफर व टार्डिग्रेड या सूक्ष्मप्राण्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९८९ मध्ये उभारलेले मैत्री हे भारतीय केंद्र याच पट्ट्यात आहे.

नरखेडच्या काळ्या मातीत मात्र बर्फाचा अडसर नाही, आणि येथील मुख्य उपद्रवी सूत्रकृमीचा प्रवास माणसाने घडवलेला आहे. टायलेन्क्युलस सेमिपेनेट्रान्स हा लिंबूवर्गीय झाडांचा सूत्रकृमी १९१२ मध्ये कॅलिफोर्नियात मुळांवर प्रथम आढळला आणि पुढच्याच वर्षी नेथन कॉब यांनी त्याला नाव दिले. त्याची मादी डोके व मान मुळाच्या आत खुपसून बसते, मागचा फुगीर भाग बाहेर मातीत राहतो आणि ती चिकट द्रवात सुमारे शंभर अंडी घालते. या द्रवाला मातीचे कण इतके घट्ट चिकटतात की बाधित मुळे पाण्याने धुतली तरी मळकट दिसतात. तापमान २५ अंशांच्या आसपास असले की ६ ते ८ आठवड्यांत पिढी पुरी होते, म्हणजे स्कॉटनेमाच्या एका पिढीच्या काळात येथे चार-पाच पिढ्या सहज उलटतात. झाड एकदम वाळत नाही. पाने लहान होतात, शेंड्याकडून फांद्या सुकतात, बहार कमी येतो, आणि बागायतदार खत व पाण्याला दोष देत राहतो. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांची मूळकूज सोबतीला आली तर ऱ्हासाचा वेग वाढतो.

सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या कृमीचे निदान तीन वंशप्रकार आहेत आणि त्यांच्यातील भेद रूपात नसून आवडीनिवडीत आहे. सिट्रस वंशप्रकार संत्र्याखेरीज ऑलिव्ह आणि द्राक्षाच्या मुळांवरही वाढतो. भूमध्य वंशप्रकार ऑलिव्हला शिवत नाही. आणि पॉन्सिरस वंशप्रकार तीन पर्णिका असलेल्या ट्रायफोलिएट नावाच्या खुंटावरही पोसला जातो. हा शेवटचा भेद सर्वांत महागात पडणारा आहे, कारण बाकीचे वंशप्रकार ट्रायफोलिएटच्या मुळात शिरले तर आसपासच्या पेशी मरून त्यांना उपाशी ठेवतात आणि त्यामुळेच हा खुंट जगभर प्रतिकारक्षम म्हणून लावला गेला. चुनखडीयुक्त काळ्या मातीत तो नीट तग धरत नाही, म्हणून विदर्भात जंभेरी आणि रंगपूर लाईमच राहिले आणि हे दोन्ही खुंट सूत्रकृमीला बळी पडतात. प्रतिकारक्षम खुंट शोधायचा, तर आधी आपल्या मातीत कोणता वंशप्रकार आहे हे ओळखावे लागते. एकाच वंशाची हजारो झाडे लावून जमिनीतील विविध वंशांशी झुंज द्यायची, हा व्यवहार मुळातच लंगडा आहे.

स्वतःच्या बळावर हा कृमी वर्षभरात फार थोडे अंतर जातो, पण रोपाच्या पिशवीतून तो शेकडो किलोमीटर जातो. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांसारखी मोठी केंद्रे असलेल्या संत्रापट्ट्यात कलमांची देवाणघेवाण तालुक्यांच्या व राज्याच्या सीमा ओलांडून चालते, आणि अंटार्क्टिकातील दऱ्या जे लाखो वर्षे वेगळे ठेवतात ते येथे एका हंगामात मिसळून जाऊ शकते. जुनी बाग काढल्यावरही हे कृमी जमिनीत काही वर्षे टिकून राहतात, त्यामुळे त्याच जागी लगेच नवी लागवड केली, तर कोवळ्या रोपाची पहिल्याच वर्षी त्यांच्याशी गाठ पडते. नागपूरला १९८५ मध्ये सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था निर्जंतुक केलेल्या मिश्रणात, जमिनीपासून वेगळी वाढवलेली रोगमुक्त रोपे तयार करते, ती याच कारणाने. निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि सूत्रकृमीची अंडी खाणारी बुरशी यांनी प्रादुर्भाव आटोक्यात ठेवता येतो, पण एकदा शिरलेला वंश जमिनीतून पुरता निघत नाही. म्हणून नरखेड परिसरात संत्र्याचे कलम घेताना शेंडा न्याहाळून थांबू नये. एखादी पिशवी सोडवून तंतुमुळे पाण्यात धुऊन पाहावीत, आणि धुतल्यावरही ती मळकट राहिली तर तो सगळा लॉट परत करावा.