शिक्षा कोणत्या मापानें?

संगणकावरील खेळांत चालक कंपनीच नियम करिते, दोष ठरविते आणि दंडही देते. शिवीगाळ करणारास खेळाबाहेर काढावें, यांत वाद नाहीं. परंतु प्रत्येक बंदी न्याय्य असते काय?

सन २०१९ च्या ऑक्टोबरांत ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळाचा सामना संपल्यावर ‘ब्लिट्झचुंग’ नामक खेळाडूनें मुलाखतींत हाँगकाँगच्या मुक्ततेची घोषणा केली. ब्लिझार्ड कंपनीनें त्याजवर एक वर्षाची बंदी घातली व बक्षिसाची रक्कम रोखिली. नियम असा कीं, लोकांपैकीं कोणासही दुखविणारें वर्तन करूं नये. आणि तें कोणतें, हें सर्वस्वीं कंपनीनेंच ठरवावें! नियम आधींच लिहिलेला होता, हें खरें. पण त्यास माप नव्हतें. गवगवा होतांच त्याच आठवड्यांत रक्कम परत मिळाली व बंदी सहा महिन्यांवर आली. अपराध तोच, शिक्षा अर्धी. मग पहिली कोणत्या तराजूनें तोलिली होती?

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठांतील खेळाडूंनीं सामन्यांत त्याच अर्थाची पाटी दाखविली. त्यांस तत्काळ शिक्षा झाली नाहीं. एकास दंड व आम्हांस सूट, हा पक्षपात होय, असें मानून त्यांनीं पुढील सामनाच सोडिला. सहा महिन्यांची बंदी त्यांजवर त्यानंतर आली.