वर्दीच्या वाटेवर – भाग 7 : दंड भरला, पण मिटलं का?

मागच्या आठवड्यात आपण मैदानातून बाहेर पडलो. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, मग लेखी. निवड यादीत नाव लागलं की गावात गुलाल उडतो, चौकात फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सवर ‘भावी पोलीस’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातला ‘भावी’ हा शब्द कुणी वाचत नाही. वाचायला हवा. कारण वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी अजून व्हायची असते. आजचा भाग पडताळणीचा, आणि त्यातल्याही एका अवघड कोपऱ्याचा : ज्याने कधीकाळी गांजा ओढला किंवा एमडी घेतली, त्याला पोलीस होता येतं का?

निवड झालेली मुलं पडताळणीचा साक्षांकन नमुना घेऊन माझ्या ऑफिसात येतात. बहुतेकांचं काम पंधरा मिनिटांत उरकतं. एक मुलगा मात्र बाकीचे जाईपर्यंत जिन्यातच थांबला. मग आत येऊन त्याने फॉर्म टेबलावर ठेवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. ‘आपणास कधी अटक झाली आहे काय?’ समोर पेन्सिलीने, अगदी फिकट, ‘नाही’ लिहिलेलं होतं.

“पेन्सिलीने का रे?”

“सर, मामा म्हणाला नाही लिही, कोण बघतंय. पण पेनाने लिहायला हात होईना.”

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. हा तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या मागच्या मैदानात दोन मित्रांबरोबर चिलीम ओढताना सापडला. सरकारी दवाखान्यात लघवीचा नमुना घेतला, पोलीस ठाण्यात कागद झाले, जामीन झाला. पुढे तारखेला कुणीतरी सल्ला दिला, कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो. त्याने तसंच केलं. घरी सांगितलं, मिटलं.

इथेच सगळी गोम आहे. दंडाची पावती हातात पडली की लोकांना वाटतं, सिग्नल तोडल्यासारखं हे प्रकरण संपलं. अमली पदार्थविरोधी कायदा 1985चा. त्याच्या कलम 27 मध्ये नुसतं सेवन हाच गुन्हा आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजा-चरस असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला आणि दंड भरला, की कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी झाली. रक्कम पाचशे असो वा पाच हजार. वकिलाचा एक दिवस वाचतो, पक्षकाराचा एक हेलपाटा वाचतो, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ती दोषसिद्धी येऊन बसते. हा सल्ला देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी एवढंच विचारतो, पोरगं पुढे काय होणार आहे हे तरी त्याला विचारलंत का?

सापडलेल्या मालाचा हिशेब वेगळा होतो. गांजा 1 किलोपर्यंत, चरस 100 ग्रॅमपर्यंत आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 2 ग्रॅमपर्यंत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. त्यापलीकडे शिक्षा झपाट्याने चढत जाते आणि 20 किलो गांजा किंवा 50 ग्रॅम एमडीपासून व्यापारी प्रमाणाचा मुलूख सुरू होतो. तिथल्या उमेदवारासाठी हा लेख नाही. (होळीला भांग पिणाऱ्यांनी घाबरू नये. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे शेंडे येतात, सुटा पाला येत नाही. दारूबंदी कायद्यात भांगेचं काय होतं हा वेगळा विषय.)

आता त्या साक्षांकन नमुन्याकडे पुन्हा बघा. अटक, खटला, शिक्षा, दंड, प्रलंबित प्रकरण, सगळं विचारलेलं असतं. ‘तुम्ही कधी नशा केली होती का’ हा प्रश्न मात्र त्यात नसतो. अमेरिकेत एफबीआय तो सरळ विचारते. गांजा ओढून एक वर्ष उलटलेलं हवं. 2021 पर्यंत ही अट तीन वर्षांची होती, उमेदवार मिळेनात म्हणून सैल झाली असं मला वाटतं. इतर अमली पदार्थांसाठी दहा वर्षं. वर पॉलिग्राफवर बसवून तेच प्रश्न पुन्हा. आपल्याकडे कागद फक्त गुन्ह्याबद्दल बोलतो. त्यामुळे कॉलेजची तीन वर्षं रोज धुरात काढलेला पण कधीच न सापडलेला मुलगा सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहितो, आणि ते खरं असतं. एकदाच ओढून सापडलेला मात्र अडकतो. मला हे न्याय्य वाटत नाही. पण फॉर्म जसा आहे तसा भरायचा आहे.

मामाच्या ‘कोण बघतंय’चं उत्तर सोपं आहे : सगळे बघतात. नमुना तुम्ही राहिलेल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथली गुन्हे नोंद आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यात आहे. नाव, बापाचं नाव, गाव टाकलं की नोंद समोर. शिवाय गोपनीय शाखेचा हवालदार गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, कधी किराणा दुकानदारालाही. ज्या खात्यात शिरायचं आहे, त्याच खात्याने ती नोंद केलेली असते.

नोंद निघाली तर पुढे काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात दिलं. तीन न्यायमूर्तींचं पीठ होतं, कारण त्याआधीचे निकाल एकमेकांशी भांडत होते. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या संदीप कुमार प्रकरणात न्यायालयाने तरुण वयातल्या चुकीकडे उदारपणे पाहिलं. पाव चोरल्याबद्दल जन्मभर चोर ठरलेल्या, कादंबरीतल्या ज्याँ वालज्याँची आठवणही काढली. 2013 मध्ये मेहर सिंग प्रकरणात सूर बदलला : निर्दोष सुटलात म्हणून पोलीस दलाचं दार आपोआप उघडत नाही.

अवतार सिंग निकालाने हे दोन्ही सूर एका ओळीत बसवले. माहिती खरीच द्यायची, हा पहिला नियम. लपवलेलं प्रकरण किरकोळ असेल, उदाहरणार्थ तरुणपणी घोषणा दिल्याचं, तर नियुक्ती अधिकारी लपवणं माफ करू शकतो. प्रकरण किरकोळ नसेल तर नोकरी घालवू शकतो. फॉर्ममधला प्रश्न मोघम असेल तर ‘लपवलं’ असा ठपका ठेवता येत नाही. आणि उमेदवारांना सर्वांत बोचणारा भाग असा, की सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही. खरं सांगणारा पात्र ठरतो फक्त विचार होण्याला.

चिलमीचा दंड किरकोळ की नाही? घोषणेइतका किरकोळ तो कुणी मानेल असं मला वाटत नाही. ज्या दलाने गांजा पकडायचा त्याच्या दृष्टीने तर नाहीच. पण लूटमार किंवा विनयभंगाच्या रांगेतही तो बसत नाही. वय, त्यानंतर गेलेली वर्षं, पुन्हा काही नोंद आहे का, गावातलं मत, हे सगळं अधिकाऱ्याने तोलायचं असतं. न तोलता एका ओळीत ‘अपात्र’ लिहिलं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) दाद मागता येते.

वय अठराच्या आत असेल तर चित्रच पालटतं. बाल न्याय कायदा 2015च्या कलम 24 प्रमाणे बालपणीच्या गुन्ह्याने अपात्रता चिकटत नाही (सोळा ते अठरा वयात प्रौढासारखा खटला चाललेली गंभीर प्रकरणं वगळून). कलम 74 तर पोलिसांनाच बजावतं, की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. हा मुलगा दीड वर्ष आधी सापडला असता तर माझ्या जिन्यात थांबलाच नसता.

आणखी दोन दारं आहेत, ती वेळेवर ठोठावावी लागतात. ज्याला खरंच व्यसन जडलंय आणि जो सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलाय, त्याने स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर कलम 64-अ खटल्यापासूनच संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण जातं. दुसरं, अमली पदार्थविरोधी कायद्यात प्रौढांना परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, लाभ जवळपास बंद आहे, पण कलम 27 त्याला अपवाद आहे. परिवीक्षेवर सुटलेल्याची दोषसिद्धी पुसली जात नाही, तिच्यामुळे येणारी अपात्रता मात्र कायदा काढून घेतो. दंड भरून मोकळं होण्याच्या घाईत हे कोर्टासमोर मांडलंच जात नाही.

गर्दुल्ला हा शब्द मराठीत शिवीसारखा रुळला तेव्हाच, 1986 मध्ये, पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राला तेव्हापासून सांगितलं जातंय. साक्षांकन नमुन्यात आजारातून उठलेल्यासाठी रकाना अजून नाही.

मी त्या मुलाला निकालाची प्रत आणि दंडाची पावती काढून आणायला पाठवलं. गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, कोर्ट, तारीख, दंडाची रक्कम, सगळं लिहायचं. ‘मित्रांच्या नादाने’ वगैरे रडगाणं नको. नेमणूक मिळेलच असं मी त्याला सांगितलं नाही. चार दिवसांनी तो आला तेव्हा पेन्सिलीचं ‘नाही’ खोडलेलं होतं, कागदावर थोडी कुस उठली होती. तिथे निळ्या शाईत ‘होय’ होतं.

“सर, तपशिलाला जागा पुरत नाही. पुरवणी जोडली तर चालेल का?”