चप्पल उंबऱ्याच्या आत येऊ द्या

बाहेरून आलं की आधी पाय धुवायचे, मग घरात यायचं. चपला उंबऱ्याबाहेर. धुतलेले पाय पायपुसण्यावर नीट कोरडे करायचे, नाहीतर आजी म्हणणार, ‘ओल्या पायांनी फिरू नका, चिखल्या होतील.’ रात्री तळपायांना तेल. कधीमधी काशाची वाटी. पायांचे हे नियम घरात कुणी लिहून ठेवले नाहीत की समजावून सांगितले नाहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या नुसते पाळले गेले. त्यातले बरेचसे आजचे डॉक्टरही जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. एक नियम मात्र बदलायची वेळ आली आहे. घरात सगळ्यांनी अनवाणीच वावरायचं, हा तो नियम. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर हा नियम फार महागात पडतो.

आधी खऱ्या ठरलेल्या नियमांबद्दल. चिखल्या म्हणजे बोटांच्या बेचक्यात भिजून पांढरी पडलेली, सोलवटलेली कातडी. भातलावणीला दिवसदिवस चिखलात उभं राहणाऱ्यांना त्या होतातच, पण पावसात भिजलेले बूट आठ-दहा तास पायात ठेवून लोकलने प्रवास करणाऱ्यांनाही होतात. ओलाव्यात बुरशी वाढते, कातडी फाटते आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा या फटींचं महत्त्व शहराला कळलं. उंदरांच्या मुतातले हे जंतू साचलेल्या पाण्यात असतात आणि पायावरच्या जखमेतून, भेगेतून रक्तात जातात. अंकुशकृमीची अळी तर धडधाकट कातडीतूनही आत घुसते आणि पुढे आतड्यात राहून रक्त पिते. उघड्यावर शौचाला जाणाऱ्या आणि अनवाणी चालणाऱ्या गावांत पंडुरोगाचं ते एक मोठं कारण होतं. तेव्हा बाहेरून आल्यावर पाय धुणं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेचकं कोरडं करणं, याला आजही तोड नाही. कोकणात ‘चप्पल झटकून पायात घाल’ म्हणतात तेही विंचवामुळे. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम ज्यांना माहीत आहे, त्यांना या साध्या वाक्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता काशाची वाटी. तळपायाला थोडं तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासायचं. पाच-दहा मिनिटांत तूप राखाडी होतं, मग काळं. ‘बघ, किती उष्णता निघाली!’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर विरळाच. कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू, त्यात तांबं साधारण तीन चतुर्थांशांहून जास्त. स्निग्ध पदार्थ, घाम आणि घर्षण यांनी धातूचे सूक्ष्म कण सुटतात, त्यांनी तूप काळं पडतं. शरीरातली उष्णता अशी बाहेर पडत नाही. पण त्या घासण्याने तळव्याला आराम मिळतो, झोप चांगली लागते, आणि याहूनही मोठी एक गोष्ट होते: घरातलं कुणीतरी माणूस दहा मिनिटं दुसऱ्याचा तळपाय हातात घेऊन बसतं. भेग कुठे खोल गेली आहे, भोवरी कुठे दुखते, नख कुठे आत वाढतंय, टाचेला कधी काटा रुतला होता, हे सगळं त्याला दिसतं. धुणं, पुसणं, तेल लावणं, चेपणं या सगळ्या चालीरीतींनी रोज कुणाची तरी नजर आणि कुणाचा तरी हात पायापर्यंत पोचत होता. माझ्या मते या घरगुती समजुतींचा खरा फायदा यातच होता, आणि नेमका तोच आपण गमावून बसलो आहोत. आज साठीतल्या माणसाचा तळपाय आठवड्यात कुणीच पाहत नाही. वाकता येत नाही म्हणून त्याला स्वतःला तो दिसत नाही, आणि मुलांना तो बघायचा असतो हेच माहीत नसतं.

अनवाणी चालण्याची महतीही अगदी निराधार नाही. सकाळी दवाच्या गवतावर चाललं की चष्म्याचा नंबर उतरतो, हे खरं नाही. नंबर बुबुळाच्या वक्रतेवर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतो, तळव्यावर नाही. (चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तर पादत्राणं वापरणं डोळ्यांना हितकर म्हटलं आहे, म्हणजे बरोबर उलट.) पण मुलांच्या पायांना अनवाणी खेळण्याचा फायदा होतो. राव आणि जोसेफ या अस्थिशल्यचिकित्सकांनी कर्नाटकात ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त आढळलं. तेव्हा लहान मूल अंगणात, मातीत अनवाणी हुंदडत असेल तर हुंदडू द्यावं.

हे सगळं पायाला जाणीव असेपर्यंत. काटा रुतला की पाय आपोआप उचलला जातो, वाळू तापली की पावलं भराभर पडतात, चप्पल चावली की आपण ती काढतो. अनेक वर्षांच्या मधुमेहात मज्जातंतू दुबळे होतात आणि हा इशाराच बंद पडतो. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते. त्यालाही घरात ‘उष्णता’च म्हटलं जातं आणि पुन्हा काशाची वाटी निघते. नंतर आग थांबते. माणसाला वाटतं, बरं वाटलं. खरं तर तिथून पुढे धोका वाढतो. अशा माणसाची सपात चालता चालता पायातून निसटते आणि त्याला कळतही नाही, घरचे मागून ओरडतात, ‘अहो, चप्पल राहिली!’ ही विसराळूपणाची गोष्ट नाही. हे लक्षण दिसलं की पाय तपासून घ्यायचे.

जाणीव गेलेल्या पायाचं काय होतं, हे वैद्यकाला भारतातच नीट उमगलं, आणि तेही कुष्ठरोगामुळे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं ‘झडतात’ असा तेव्हा सर्वांचा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप झडत नाही. वेदना होत नाही म्हणून रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो, भाजलं तरी हात मागे घेत नाही, आणि बोटं अशी जातात. म्हणजे पाय वाचवायचा तर औषधाइतकीच चप्पल महत्त्वाची. त्यातूनच तळव्यावरचा दाब पसरवणाऱ्या सूक्ष्मरंध्री रबराच्या चपला पुढे आल्या. दुकानात आज ‘एमसीआर चप्पल’ मागितली की मिळते ती हीच. कुष्ठरोग्यांसाठी घडलेलं हे ज्ञान आता मधुमेहींच्या कामी येतं आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, त्यामुळे ही गरज आता थोड्यांची राहिलेली नाही.

म्हणूनच काही घरगुती उपाय अशा पायांपासून लांब ठेवावेत. गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकणं हा त्यातला पहिला. पायाला पाणी कोमट वाटतं आणि कातडी भाजून निघते. पाय धुतानाही पाण्याचा अंदाज दुसऱ्याने हाताने घ्यावा. भेगांवर बिब्बा घालणं, भोवरीवर रुईचा चीक लावणं, ब्लेडने कुरूप कापणं हे तर कुणीच करू नये. बिब्ब्याने धडधाकट कातडीलाही फोड येतात. याउलट कोकणातलं कोकमाचं तेल भेगांना उत्तम. त्याचा घट्ट गोळा जरा ऊब देऊन पातळ करायचा आणि टाचेला चोळायचा, फक्त बोटांच्या बेचक्यात लावायचा नाही, तिथे ओलावा नको.

देवळाचा प्रश्न नाजूक आहे, पण त्यावर बोलायलाच हवं. चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाच्या डोंगरावर भर उन्हात दगडी फरशी कशी तापते, हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. अनवाणी फेरी घातली, दर्शन मस्त झालं, आणि घरी आल्यावर मोज्याला पाणी लागलेलं दिसलं, तेव्हा कळलं की दोन्ही तळवे फोडांनी भरले आहेत. पायांच्या डॉक्टरांकडे असे रुग्ण उन्हाळ्यात येतात. ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी नवरात्रातला अनवाणी राहण्याचा नेम आणि नवस दुसऱ्या रूपात फेडावा, दर्शन सकाळी लवकर घ्यावं, जाड सुती मोजे घालावेत. आईवडिलांना हे सांगताना वाद होणार. तरी सांगावं.

आणि आता घर. जुनी शेणाने सारवलेली जमीन मऊ होती, आजची फरशी कठीण आहे. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते, त्याला आपण ‘टाचेचं हाड वाढलं’ म्हणतो. पण हाड वाढलेल्या कित्येकांची टाच दुखतच नाही. दुखतो तो तळव्याखालचा ताणलेला पडदा, आणि कठीण फरशीवर दिवसभर अनवाणी उभं राहणाऱ्या बायकांना तो जास्त छळतो. मधुमेहीला तर घरातलीच पडलेली टाचणी, काचेचा तुकडा, पलंगाचा पाय पुरतो. सोवळं, स्वयंपाकघराची स्वच्छता, देवघर यांचा मान राखून यावर उपाय निघतो: घरातली वेगळी जोडी. मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली, रोज धुता येणारी, बाहेर कधीच न जाणारी. अशी जोडी दारात न सोडता पलंगापाशी ठेवावी.

बाहेरच्या चपलेबद्दल थोडं. कोल्हापुरी पायताणाचा मला अभिमान आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिलाई आणि एकही खिळा नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांचे पाय ठणठणीत आहेत त्यांनी ती हौसेने वापरावी. पण बधिर पायाला तिचा अंगठा बेचक्यात घासतो आणि कडक तळ टोचतो, तिथे ती नको. तुटलेल्या चपलेला गटई कामगाराकडून खिळा मारून घेतला असेल, तर आत हात घालून रोज चाचपावं. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जुन्या कारागिरांसारखा कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आकार काढावा, कापावा, बुटात सरकवून पाहावा. कागद मुडपला तर बूट अरुंद आहे. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं बधिर पायासाठी मानू नये, कारण सैल होईपर्यंत जखम झालेली असते.

घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बेचकी उजेडात बघा. एकट्याने राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून बघावं. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडे पाय उघडे करून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची तपासणी मागून घ्या. नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून करायची ही तपासणी काही मिनिटांत होते, सुई टोचावी लागत नाही. डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत, तरी तुम्ही बूट काढून बसा.