‘जुनं झालं’ म्हणतात, पगार मात्र त्यावरच होतो

सोमवारी सकाळी कंपनीच्या एचआर पोर्टलची स्क्रीन बदललेली दिसली की ऑफिसात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, ‘नवीन सॉफ्टवेअर आणलेलं दिसतंय’. दुसरी, ‘रजेचा अर्ज कुठे गेला?’ दुसरी तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पहिला अंदाज मात्र सहसा चुकतो.

मोठ्या संस्थांची मनुष्यबळ व्यवस्था सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल असे गैरसमज वर्षानुवर्षं चालत आलेत. पीपलसॉफ्टच्या वाट्याला ते अंमळ जास्तच आलेत. अमेरिकेतली विद्यापीठं, रुग्णालयं, सरकारी खाती, बँका अशा ठिकाणी आजही असंख्य लोकांचा पगार या प्रणालीतून निघतो. पुण्यात हिंजवडी किंवा खराडीत बसून तिची देखभाल करणारी मराठी मंडळीही कमी नाहीत. तरीही ‘पीपलसॉफ्टवर काम करतो’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘ते अजून आहे?’

आहे. पण या प्रश्नाला कारणही आहे. डेव्ह डफिल्ड आणि केन मॉरिस यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पीपलसॉफ्ट कंपनी काढली. त्या काळात पगाराचं काम मेनफ्रेमवर चाले. यांनी ते ऑफिसातल्या साध्या पीसीवर आणलं. जून २००३ मध्ये ओरॅकलने कंपनीवर जबरदस्तीच्या खरेदीचा डाव टाकला. पहिली बोली सुमारे ५.१ अब्ज डॉलरची होती. मग दीड वर्ष भांडण चाललं. अमेरिकी न्याय खातं मक्तेदारीच्या मुद्द्यावर कोर्टात गेलं आणि हरलं. अखेर डिसेंबर २००४ मध्ये सौदा सुमारे १०.३ अब्ज डॉलरला ठरला. खरेदीनंतर हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ओरॅकलचं स्वतःचं एचआर सॉफ्टवेअर होतंच, त्यामुळे आता पीपलसॉफ्ट गुंडाळणार असं सगळे धरून चालले. डफिल्ड यांनी तर अनिल भुसरी यांच्यासोबत २००५ मध्ये वर्कडे ही नवी कंपनी सुरू केली. ती आज या क्षेत्रातली बडी प्रतिस्पर्धी आहे.

गुंडाळणं मात्र झालं नाही. गोंधळ वाढवला तो आवृत्तीच्या आकड्याने. पीपलसॉफ्ट ९.२ मार्च २०१३ मध्ये आली आणि त्यानंतर ९.३ आलीच नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दहा-बारा वर्षं काही काम झालेलं नाही. खरं तर ओरॅकलने आवृत्त्यांची पद्धतच मोडली. वर्षातून काही वेळा सुधारणांचा एक संच येतो, त्याला ‘इमेज’ म्हणतात. ग्राहक ती उतरवून घेतो आणि त्यातलं हवं तेवढं उचलतो. जुन्या पद्धतीत दर चार-पाच वर्षांनी अख्खं घर रिकामं करावं लागे, तो प्रकार यात टळतो. सपोर्टची मुदतही ओरॅकल वेळोवेळी पुढे ढकलत आलंय. ती आता २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोचली आहे.

यात आणखी एक गोष्ट हमखास सुटते. पीपलसॉफ्टचे थर दोन. वरच्या थरात पगार, रजा, भरती अशी कामं. खाली पीपलटूल्स, म्हणजे ज्या अवजारांवर हे सगळं उभं आहे ती. दोघांचे आकडे वेगळे, वेळापत्रकंही वेगळी. वरचा आकडा ९.२ वर थांबला असला तरी खालचा ८.५३ पासून ८.६० च्या पुढे गेला. ‘आम्ही ९.२ वर आहोत’ एवढंच सांगणाऱ्या संस्थेने अर्धीच माहिती दिली, असं समजावं.

नव्या स्क्रीनचा गैरसमज इथूनच निघतो. पीपलसॉफ्टचा चेहरा आजवर ढोबळमानाने दोनदा बदलला. आधी प्रत्येक पीसीवर वेगळा विंडोज प्रोग्राम टाकावा लागे. २००० साली पीपलसॉफ्ट ८ आली आणि सगळं ब्राउझरमध्ये गेलं. २०१४ मध्ये पीपलटूल्स ८.५४ बरोबर ‘फ्लुइड’ आलं. मोबाइलवर नीट दिसणाऱ्या चौकोनी टाइल्स आणि स्क्रीनच्या मापाप्रमाणे आपोआप मांडणी हे त्याचं वैशिष्ट्य. जुन्या पानांना तेव्हापासून ‘क्लासिक’ म्हणू लागले. क्लासिकमधून फ्लुइडमध्ये गेलं की कर्मचाऱ्याला सॉफ्टवेअरच बदलल्यासारखं वाटतं. पण खाली डेटाबेसमधली टेबलं तीच, पगाराचे नियमही तेच. उत्तर अमेरिकेच्या पेरोलचा मुख्य हिशेब तर आजही कोबोलमध्ये लिहिलेल्या प्रोग्राममधून होतो. मोबाइलवर गुळगुळीत टाइल सरकवून पगारपावती उघडणाऱ्याला या आजोबांचा पत्ताही नसतो.

फ्लुइड सगळ्यांनाच आवडतं असंही नाही. महिन्याकाठी शेकडो नोंदी भरणाऱ्या एचआरच्या माणसाला क्लासिकचं दाटीवाटीचं पान सोयीचं वाटतं. एका नजरेत दहा रकाने दिसतात, टॅब दाबत पुढे जाता येतं. मोकळ्या जागेचं कौतुक वर्षातून दोनदा रजा टाकणाऱ्याला. रोज राबणाऱ्याला ती जागा वाया गेल्यासारखी वाटते. त्याची ही कुरकुर ‘बदलाला विरोध’ म्हणून झटकणं चूक आहे.

‘शेवटी ही एक मोठी एक्सेल शीटच ना?’ हा गैरसमज मात्र सगळ्यात महागात पडतो. समजा, एका कर्मचाऱ्याची १ एप्रिलला पुण्याहून नागपूरला बदली झाली. त्याच्या पगारवाढीचं पत्र १० जूनला निघालं, पण वाढ लागू १ एप्रिलपासून. एक्सेलमध्ये जुना आकडा खोडून नवा टाकला की काम संपलं. पीपलसॉफ्टच्या जॉब टेबलात जुनी ओळ तशीच राहते. १ एप्रिलच्याच तारखेची दुसरी ओळ तिच्यावर बसते आणि तिला पुढचा अनुक्रमांक मिळतो. या तारखेला इफेक्टिव्ह डेट म्हणतात. सगळी प्रणाली तिच्यावर उभी आहे. जूनचा पेरोल चालताना एप्रिल आणि मेमध्ये काय दिलं आणि काय द्यायला हवं होतं याचा फरक प्रणाली याच ओळींवरून काढते.

इथेच एक धोकादायक सोय आहे. ‘करेक्ट हिस्टरी’ नावाचा अधिकार हाती असला की जुनी ओळ थेट बदलता येते. घाईत कोणी नवी ओळ घालण्याऐवजी जुन्याच ओळीवर नवा आकडा लिहिला, तर एप्रिलमध्ये त्या माणसाचा पगार किती होता याचा त्या टेबलातला पुरावाच नाहीसा होतो. वेगळी ऑडिट नोंद ठेवली नसेल तर तो परत मिळत नाही. म्हणून शहाणे अ‍ॅडमिन हा अधिकार मोजक्या लोकांनाच देतात.

नियमही साधे नसतात. महाराष्ट्रातला व्यवसाय कर घ्या. दहा हजारांहून जास्त पगारावर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. त्यात एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना माफी. एवढ्याशा कपातीसाठी सॉफ्टवेअरला राज्य, महिना, लिंग आणि पगार अशा चार गोष्टी विचाराव्या लागतात. पीपलसॉफ्टच्या ग्लोबल पेरोलचा भारतासाठी वेगळा जोड आहे, तो अशाच कारणांसाठी. अमेरिकेत हाच प्रकार राज्य, काउंटी आणि शहर अशा पातळ्यांवर चालतो. तिथे कर्मचाऱ्याला डब्ल्यू-२ फॉर्म ३१ जानेवारीपर्यंत द्यावा लागतो. त्यामुळे अमेरिकी पेरोल सांभाळणाऱ्या पुण्यातल्या टीमला डिसेंबर-जानेवारीत रजा मागण्याची सोय नसते.

मग अपडेट म्हणजे काय? बटण दाबलं की झालं? सुरक्षेचे पॅच ओरॅकल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये देतं. ते पुढे ढकलत राहणं म्हणजे हजारो लोकांचे बँक खात्यांचे तपशील उघड्यावर ठेवणं. पण टूल्सची नवी आवृत्ती चढवायची तर वेबलॉजिक, टक्सीडो, जावा आणि डेटाबेस क्लायंट यांच्या जोड्या जुळवाव्या लागतात. कोबोलचे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागतात. त्यानंतर खरं काम. संस्थेने वर्षानुवर्षं केलेले स्वतःचे बदल नव्या कोडशी ताडून बघणं, आणि जिथे टक्कर होते तिथे पुन्हा बसवणं. याला रेट्रोफिट म्हणतात. याच कामात आठवडे जातात. मध्येच एखादा प्रोग्राम प्रोसेस मॉनिटरवर ‘नो सक्सेस’ अशी सौम्य भाषेतली पाटी दाखवून पडतो. मग कॅशे साफ करा, सर्व्हर बाउन्स करा, हे नेहमीचं पारायण सुरू होतं.

ही डोकेदुखी कमी व्हावी म्हणून टूल्समध्ये अलीकडे चांगल्या सोयी आल्या. इव्हेंट मॅपिंगने मूळ कोडला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपला कोड चालवता येतो. ड्रॉप झोनमध्ये मूळ पानावर आपले रकाने बसवता येतात. मूळ वस्तू तशीच राहते, त्यामुळे पुढच्या अपडेटला टक्कर कमी होते. तरीही अनेक संस्था जुन्या सवयीने अ‍ॅप्लिकेशन डिझायनर उघडून मूळ पानच कापतात. हा आळस नंतर दुप्पट कामाने फेडावा लागतो.

‘अ‍ॅडमिनला सगळ्यांचे पगार दिसतात’ ही समजूत अर्धी खरी आहे. पीपलसॉफ्टमध्ये परवानग्यांच्या याद्या, त्यांवरून भूमिका आणि भूमिकेवरून वापरकर्ता अशी उतरंड असते. कोणत्या विभागाची माणसं दिसावीत हे त्याहून वेगळं ठरतं. पान उघडता आलं म्हणजे त्यातली सगळी माणसं दिसतील असं नाही. मात्र सर्वाधिकार असलेली अ‍ॅडमिनची भूमिका कोणाकोणाला दिली आहे हा प्रश्न प्रत्येक ऑडिटरने विचारायला हवा. खरी गळती अनेकदा वेगळ्याच वाटेने होते. चाचणीसाठी खऱ्या डेटाबेसची प्रत काढतात. तिच्यात खरे पगार असतात, खरे ईमेल पत्तेही असतात. ते बदलायचे राहून गेले की चाचणीच्या प्रणालीतून ‘आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’ असं पत्र खऱ्या माणसाच्या इनबॉक्सात जाऊ शकतं. प्रत काढल्यावर सगळ्यात आधी ईमेल पत्ते पुसायचे, हा नियम या धंद्यात पाठच असतो.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: पगार चुकला की सॉफ्टवेअर वाईट. कॅनडा सरकारने २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ नावाची पगारप्रणाली सुरू केली. तिचा पाया पीपलसॉफ्टचाच. ती उभारण्याचं कंत्राट २०११ मध्ये आयबीएमला मिळालं होतं. सुमारे २ लाख ९० हजार कर्मचारी, शंभराहून अधिक कामगार करार आणि ८० हजारांहून जास्त पगारनियम. त्यासाठी दोनशेहून अधिक प्रोग्राम वेगळे लिहावे लागले. सुरू झाल्याबरोबर कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. लोकांचे घराचे हप्ते थकले. जून २०१७ अखेर चुकांची किंमत अर्ध्या अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेली होती.

महालेखापरीक्षक मायकल फर्ग्युसन यांनी २०१७ आणि २०१८ मध्ये यावर अहवाल दिले. त्यांतली कारणं वाचताना स्क्रीन किंवा कोड यांच्यापेक्षा टेबलाभोवती बसलेली माणसं जास्त दिसतात. पैसे कमी पडले म्हणून शंभराहून अधिक पगार-कामं प्रणालीतून वगळण्यात आली किंवा पुढे ढकलण्यात आली. त्यांत मागच्या तारखेपासूनच्या पगारवाढीचा हिशेबही होता. एका खात्यात आधी चालवून बघण्याचा बेत रद्द केला. पूर्ण प्रणालीची चाचणी झालीच नाही. आणि वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली सुमारे १,२०० अनुभवी पगार-सल्लागारांची पदं काढून न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी गावातल्या एका केंद्रात सुमारे ५५० माणसांवर त्यांचं काम सोपवलं. कोणत्या करारात कोणता अपवाद दडलाय हे ज्यांना तोंडपाठ होतं, नेमकी तीच माणसं प्रणाली सुरू होण्याआधी घरी गेली होती. फर्ग्युसन यांनी या प्रकल्पाला ‘अनाकलनीय अपयश’ म्हटलं. बारकाईने वाचलं तर कारणं पुरेशी आकलनीय आहेत.

‘क्लाउडवर गेलो की सुटलो’ असं म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. क्लाउडमध्ये सर्व्हर आणि पॅच यांची काळजी विक्रेता घेतो, हा फायदा खराच. पण करार, अपवाद आणि वर्षानुवर्षांच्या चुकीच्या नोंदी ग्राहकाबरोबरच नव्या घरी जातात. शिवाय अपडेट घ्यायचं की नाही हे ठरवण्याची मुभा तिथे बरीच कमी असते.

एचआर प्रणालीच्या अपडेटआधी वापरकर्त्यांना चाचणीचं निमंत्रण येतं. त्याला ऑफिसात यूएटी म्हणतात. बरेच विभाग तिथे नुकत्याच लागलेल्या मुलाला बसवतात, तो टाइल्स उघडतात का एवढं बघून ‘ओके’ लिहून देतो. तसं करू नका. पगाराचं काम सर्वांत जुन्या माणसाला माहीत असतं, त्याला पाठवा. त्याच्या हाती गेल्या वर्षीच्या अडलेल्या प्रकरणांची यादी द्या: महिन्याच्या मध्यावर रुजू झालेला, बाळंतपणाच्या रजेवर असताना बढती मिळालेली, मागच्या तारखेपासून वाढ मिळालेला आणि नोकरी सोडून पुन्हा परतलेला. यांच्या पगारपावत्या जुन्या आणि नव्या प्रणालीत रुपयाला रुपया जुळल्या, तरच सही करा.